‘आन्सर’मधला डब्ल्यू कुठून आला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईने लिहिलं आहे. मुलगी सहावीत, सेमी इंग्रजीला. दर शनिवारी वर्गात वीस शब्दांची स्पेलिंग टेस्ट असते. आठवडाभर मोठमोठ्याने घोकून शनिवारी बारा-तेरा शब्द बरोबर येतात, आणि सोमवारी त्यातले निम्मेही आठवत नाहीत. चुकलेला शब्द वडील दहा-दहा वेळा लिहायला लावतात, त्यावरून घरात रडारड होते. दोन वर्षं फोनिक्सचा क्लास झाला. आता क्लासच्या बाई ‘पुढची लेव्हल’ घ्या म्हणतात. आई स्वतः मराठी माध्यमातल्या. ‘माझं इंग्रजीच पाचवीत सुरू झालं, मी तिला काय शिकवणार,’ असं त्या लिहितात. गेल्या शनिवारी चुकलेले शब्द त्यांनी कळवले आहेत: आन्सर, पीपल, साइन, डिसअपॉइंट, बिझनेस. त्याच दिवशी मुलीने विचारलं, ‘कर्ज या अर्थाच्या डेट शब्दात बी बोलत नाहीत, मग लिहायचा कशाला?’ आईंनी सांगितलं, ‘इंग्रजीला नियम नसतो, पाठ कर.’ वडिलांनी भर घातली, ‘पी-यू-टी पुट, तर बी-यू-टी बट का, याचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.’ आईंचा प्रश्न असा: आपली मराठी बोलतो तशी लिहिता येते, इंग्रजीचं तसं नाही, मग पाठांतराशिवाय दुसरा मार्ग आहे का?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुमच्या लेकीच्या प्रश्नापाशी थांबले. ‘बोलत नाहीत, मग लिहायचा कशाला?’ मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, पण सहावीत हा प्रश्न विचारणारी मुलं मला फार थोडी भेटली. बहुतेकांचा तो प्रश्न तिसरी-चौथीतच कुणीतरी मिटवून टाकलेला असतो. तिचा अजून जिवंत आहे. म्हणून आधी तिला उत्तर देऊ, तुमचं मागून.

तुमच्या पर्समधलं बँकेचं डेबिट कार्ड तिच्या हातात द्या. डी-ई-बी-आय-टी. इथे बी स्वच्छ ऐकू येतो. लॅटिनमध्ये ‘देबितुम’ म्हणजे जे देणं लागतो ते. हा शब्द फ्रेंचमध्ये आला तेव्हा त्यातला बी गळून पडला, आणि इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला तेव्हा तेही बी न घालताच लिहीत. पुढे लॅटिन जाणणाऱ्या पंडितांना वाटलं, शब्दाचं मूळ लिहिण्यात दिसायला हवं. त्यांनी बी परत आणून बसवला. लोकांच्या जिभेने मात्र तो स्वीकारला नाही. ‘डाउट’मधला बी असाच आला आणि ‘रिसीट’मधला पीही. तेव्हा कर्जाच्या ‘डेट’मधला बी हे त्याचं आडनाव समजा. हाक मारताना आडनाव घेत नाहीत, पण कागदावर लिहावं लागतं, आणि त्यावरून डेबिट कार्डाशी असलेलं नातं कळतं.

एवढं ऐकल्यावर तिला तो बी घोकावा लागणार नाही. करून बघा.

आता तुमचं. ‘इंग्रजीला नियम नसतो’ हे तुम्ही तिला सांगितलंत, कारण तुम्हालाही तेच सांगितलं गेलं होतं. मलाही. पण या वाक्यामागे एक गृहीत आहे, की स्पेलिंग म्हणजे आवाजाची नोंद. आवाज नीट नोंदवला नसेल तर स्पेलिंग वेडंवाकडं. इंग्रजी लेखनाचं काम मात्र दुहेरी आहे. ते आवाज दाखवतं, आणि शब्दाचं कूळही दाखवतं. दोन्ही एकाच वेळी जमत नसेल तेव्हा ते पुष्कळदा कुळाच्या बाजूने उभं राहतं. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले या भाषाशास्त्रज्ञांनी तर १९६८ साली असं मांडलं, की इंग्रजीचं लेखन त्या भाषेला जवळजवळ उत्तम बसणारं आहे. शाळकरी मुलाच्या बाजूने बघितलं तर हे मला थोडं जास्तच वाटतं, पण त्यांचं म्हणणं कशावरून आलं ते घरबसल्या तपासता येतं.

तुमच्या यादीतला ‘साइन’ घ्या. एस-आय-जी-एन. मुलगी जी विसरते, कारण तो ऐकू येत नाही. पण साताऱ्याला गेल्यावर चौकात आपण थांबतो तो सिग्नल, त्यात जी आहे ना? बँकेत करतो ती सिग्नेचर, त्यातही आहे. खूण, खुणेचा दिवा, खुणेची सही: एकाच घरातली माणसं. ‘साइन’मध्ये जी झोपलेला असतो, ‘सिग्नल’मध्ये जागा होतो. ‘रिझाइन’मध्ये झोपतो, ‘रेझिग्नेशन’मध्ये उठतो. ‘डिझाइन’ आणि ‘डेझिग्नेशन’ यांचं तेच. स्पेलिंग आवाजाप्रमाणे बदलत राहिलं असतं तर हे नातं कागदावरून पुसलं गेलं असतं.

याहून साधं उदाहरण म्हणजे घरी येणारा इलेक्ट्रिशियन. ‘इलेक्ट्रिक’मध्ये शेवटचा सी ‘क’ वाजतो, ‘इलेक्ट्रिसिटी’त ‘स’, ‘इलेक्ट्रिशियन’मध्ये ‘श’. आवाज तीन, अक्षर एकच. आवाजावरून लिहायला गेलेलं मूल ‘शियन’ला एस-एच लावतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. आपण त्याला सांगितलेलंच नसतं, की आधी ‘इलेक्ट्रिक’ लिही, मग त्याला आय-ए-एन जोड. तसंच ‘म्युझिक’वरून ‘म्युझिशियन’, ‘मॅजिक’वरून ‘मॅजिशियन’. ‘अ‍ॅक्शन’मधला टी हा ‘अ‍ॅक्ट’चाच टी, पुढे फक्त आय-ओ-एन. ‘शन’ नावाचं काही वेगळं पाठ करायचं नसतंच.

भूतकाळाचा ई-डीही तसा. ‘जम्प’चं ‘जम्प्ट’ ऐकू येतं, ‘प्ले’चं ‘प्लेड’, ‘पेंट’चं ‘पेंटेड’. आवाज तीन तऱ्हांचे, पण लिहायचं ई-डीच, कारण अर्थ एकच: झालं, होऊन गेलं. आणि ‘डझ’? ‘गो’ला ई-एस लावून ‘गोज’ होतं, तसं ‘डू’ला ई-एस लावून ‘डझ’. मुलं त्यात यू आणि झेड घालतात. एकदा ‘गो-गोज, डू-डझ’ शेजारी शेजारी लिहून दाखवलं की फळ्यावरून नजर हटायच्या आत त्यांना ते समजलेलं असतं. हा प्रसंग मी वर्गात इतक्यांदा पाहिला आहे, आणि दर वेळी मुलांचे चेहरे बघून मला तितकाच आनंद झाला आहे.

‘मराठी बोलतो तशी लिहितो’ हे तुमचं दुसरं गृहीत. यावर मला तुमच्याशी प्रेमाने भांडायचं आहे. ‘चहा’ आणि ‘चव’ मोठ्याने म्हणा. दोन्ही च सारखे आहेत का? ‘जग’ आणि ‘जाळं’? ‘सिंह’ लिहितो आणि ‘सिंव्ह’ म्हणतो. ‘रवी’ लिहिताना दीर्घ आणि ‘रविवार’मध्ये ऱ्हस्व; ‘गुरू’ दीर्घ आणि ‘गुरुवार’ ऱ्हस्व. बोलताना हा फरक आपण कितपत करतो? संस्कृतातून आलेल्या शब्दांचं मूळ रूप समासात राखायचं, हा आपला शुद्धलेखनाचा नियम आहे. म्हणजे कूळ बघून लिहिण्याची सवय मराठीलाही आहे. आपण त्यात वाढलो म्हणून ती दिसत नाही, इतकंच.

तुमच्या मुलीला आणखी एक गोष्ट कुणीही न शिकवता येते. ‘फूल’ला प्रत्यय लागला की ‘फुलाला’, ‘मूल’चं ‘मुलाला’, ‘चूल’चं ‘चुलीवर’. प्रत्यय लागताना शब्द थोडा अंग चोरतो. इंग्रजीतही असंच होतं. ‘मेक’ला आय-एन-जी लावताना शेवटचा ई जातो, ‘मेकिंग’. ‘होप’चं ‘होपिंग’, इथेही ई गेला. पण ‘होपफुल’मध्ये राहिला, कारण ‘फुल’ व्यंजनाने सुरू होतं. ई जातो तो सहसा स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्ययापुढे. ‘हॅपी’चं ‘हॅपिनेस’ होताना वायचा आय होतो, तसा ‘बिझी’चा ‘बिझनेस’ होताना. तुमच्या यादीतला हा शब्द ‘बिझी’ला ‘नेस’ लावून झालेला आहे: कामात असणं, म्हणजेच कामधंदा. बी-यू-एस-वाय येत असेल तर पुढचं सगळं आलंच. तिला फक्त ‘फूल-फुलाला’ची आठवण करून द्या.

आता तिसरं गृहीत, आणि मला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच: ‘मी मराठी माध्यमातली, मी काय शिकवणार?’ महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. त्याआधीचे आपण सगळे पाचवीवाले. ए-बी-सी-डी उशिरा आली याची सल आपल्या पिढीला आहे, मी ती ओळखते. पण आपल्याला शाळेत जे मिळालं ते तुमच्या मुलीला सेमीत पुरतं मिळत नाही, आणि नेमकं तेच इथे लागतं.

तुम्ही गणितात ‘परिमिती’ शिकलात. ती ‘पेरिमीटर’ शिकते. ‘पेरि’ ग्रीक, अर्थ भोवताली. आपला ‘परि’ उपसर्ग त्याचा सख्खा नातलग, ‘परिसर’, ‘परिक्रमा’ यांतला. ‘मीटर’ म्हणजे माप, आपली ‘मिती’. दोन्ही शब्द भाग पाडून शेजारी ठेवा, एकाखाली एक बसतात. ‘जिओमेट्री’ म्हणजे ‘भूमिती’: जिओ म्हणजे भू, मेट्री म्हणजे मिती. ‘थर्मोमीटर’ म्हणजे ‘तापमापी’. ‘मायक्रोस्कोप’ म्हणजे ‘सूक्ष्मदर्शी’. आणि ‘फोटोसिंथेसिस’ या शब्दाला तर मुलं दचकतात. त्याचं मराठी काय? प्रकाशसंश्लेषण. फोटो म्हणजे प्रकाश, सिन म्हणजे सम्, एकत्र. थेसिस म्हणजे मांडणं, ठेवणं. ज्यांनी हे मराठी शब्द घडवले त्यांनी परका शब्द उकलून, त्याचा एकेक भाग समजून, आपल्या धातू-उपसर्गांतून पुन्हा उभा केला. तुमच्या मुलीला इंग्रजी शब्दाची किल्ली हवी आहे आणि ती तुमच्या जुन्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. तिला सांगा, ‘आम्ही याला प्रकाशसंश्लेषण म्हणायचो, बघ कसं जुळतं ते.’ पी-एच, वाय, टी-एच ही अवघड जागाही तिथेच सुटते. ‘फ’साठी पी-एच दिसला की शब्द बहुधा ग्रीक घराण्यातला. ‘क’साठी सी-एच दिसला तरी तेच: स्कूल, स्टमक, आणि औषधाच्या दुकानावर पाटी असते तो केमिस्ट. तोच सी-एच ‘श’ वाजला, जसा ‘मशीन’मध्ये किंवा ‘शेफ’मध्ये, तर शब्द फ्रेंचांकडून आला आहे असं समजायला हरकत नाही.

प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. धातू एक, उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. शाळेत हे शिकलेल्या माणसाला ‘इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल’ यांत ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणं, हे सांगायला कितीसा वेळ लागतो? ‘इरप्ट, इंटरप्ट, करप्ट, बँकरप्ट’ यांत ‘रप्ट’ म्हणजे फुटणं, मोडणं. ज्वालामुखी फुटतो, बोलणं मधेच तुटतं, माणूस आतून मोडतो, धनको रिकाम्या हाताने परततो. ‘इंटरप्ट’मध्ये दोन आर का, हे इथे आपोआप कळतं: एक ‘इंटर’चा, एक ‘रप्ट’चा.

‘डिसअपॉइंट’ही असाच भागाभागांत. मुली तिथे दोन एस आणि एक पी लिहितात, कारण कुठेतरी काहीतरी दोनदा आहे एवढंच लक्षात असतं. तो मधे चिरा. एकीकडे ‘डिस’, त्यात एस एकच. दुसरीकडे ‘अपॉइंट’, डॉक्टरच्या अपॉइंटमेंटमधला, त्यात पी दोन. संपलं. ‘डिसअपिअर’ही तसाच. उलट ‘मिसस्पेल’मध्ये एस दोन, कारण ‘मिस’चा एक आणि ‘स्पेल’चा एक. ‘अननेसेसरी’त सुरुवातीला एन दोन, ‘रिअली’त एल दोन, कारण तेच. दहा वेळा लिहिण्याबद्दल मला एवढंच वाटतं, की तिसऱ्या ओळीनंतर हात चालतो आणि डोकं दमतं. आणि एखादी ओळ चुकली तर तीच चूक पुढच्या सात ओळींत पक्की होते. मुलीच्या वडिलांना सांगा, एकदाच लिहायला लावा, पण भाग पाडून, मधे अधिकचं चिन्ह घालून. गणितासारखं. त्यांची शिस्त वाया जाणार नाही, ती योग्य ठिकाणी लागेल.

आता ‘पीपल’मधला ओ. ‘पॉप्युलर’ म्हणजे लोकांना आवडणारा, ‘पॉप्युलेशन’ म्हणजे लोकसंख्या. लॅटिन ‘पोपुलुस’ म्हणजे लोक. ओ तिथून आलेला आहे. आणि ‘आन्सर’? हा माझा लाडका शब्द. प्रत्येक प्रश्नपत्रिकेवर तो छापलेला असतो, मुलं तो बघत बघत परीक्षा देतात आणि तरी त्यातला डब्ल्यू विसरतात. जुन्या इंग्रजीत या शब्दाचे दोन भाग होते: ‘अँड’ म्हणजे समोरून, विरुद्ध, आणि दुसरा भाग ‘स्वेअर’चा, म्हणजे शपथ घेण्याचा. आरोप झाला की त्याला शपथेवर दिलेलं प्रत्युत्तर म्हणजे आन्सर. ‘स्वेअर’मध्ये डब्ल्यू आजही ऐकू येतो. मुलीला सांगा, पेपरात उत्तर लिहिताना ती जुन्या अर्थाने शपथेवर सांगते आहे. तिला हे आवडेल असा माझा अंदाज आहे.

‘टू’, म्हणजे दोन, यातला डब्ल्यू असाच जपलेला. ट्विन, ट्वाइस, ट्वेल्व्ह, ट्वेंटी, बिट्वीन, सगळ्यांत तो बोलतो. आणि संस्कृत ‘द्वि’मध्ये हाच ‘व’ आहे! आपण ‘दोन’ म्हणताना तो टाकला आणि ‘द्वितीय’, ‘द्विदल’मध्ये ठेवला. इंग्रजांनी बोलण्यात टाकला पण लिहिण्यात ठेवला. ‘नाइट’ म्हणजे रात्र, त्यातला जी-एच एके काळी घशातून ‘ख’सारखा उच्चारत. आजी नक्त करायची, दिवसभर उपास आणि रात्री एकदा जेवण, त्या ‘नक्त’मधला ‘क्’ आणि हा जी-एच एकाच जुन्या आवाजाचे वंशज.

मग हे आवाज गेले कुठे, आणि अक्षरं का राहिली? १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. हळूहळू छापील रूपं स्थिर होत गेली. नेमक्या त्याच शतकांत इंग्रजांचे दीर्घ स्वर तोंडातल्या तोंडात जागा बदलत होते. लेखन थांबलं, बोलणं पुढे गेलं. वडिलांच्या पुट-बटचं उत्तरही असंच आहे, फक्त ते पुरतं नाही. पूर्वी दोन्हींचा उच्चार ‘उ’च होता. सतराव्या शतकाच्या सुमाराला दक्षिण इंग्लंडात बहुतेक शब्दांतला हा ‘उ’ बदलून ‘अ’कडे झुकला. पण पुट, पुल, पुश, फुल, बुल, बुश अशा काही शब्दांत, जिथे आधीचं व्यंजन ओठांनी उच्चारलं जातं, तिथे जुना ‘उ’ टिकून राहिला. ‘बट’मधला ‘ब’ही ओठांचाच, तरी तो मात्र बदललेल्यांत गेला. उत्तर इंग्लंडात अजूनही पुष्कळ लोक ‘बट’ला ‘बुट’च म्हणतात. तिथल्या मुलांना आपला हा विनोद कळायचाही नाही.

फोनिक्सच्या क्लासबद्दल. फोनिक्स वाईट नाही. कुठलं अक्षर काय वाजतं हे समजल्याशिवाय मूल वाचायलाच लागत नाही, आणि ते तुमच्या मुलीला मिळालं हे चांगलं झालं. पण आवाजाची हद्द असते. १९६६ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी सतरा हजारांवर शब्द निव्वळ ध्वनी आणि अक्षरांच्या नियमांनी संगणकाकडून लिहून घेतले. जेमतेम निम्मे बरोबर आले. उरलेल्यांपैकी पुष्कळांची उकल शब्दाच्या घडणीत आणि कुळात सापडते. तेव्हा कसोटी अशी ठेवा: कधीही न पाहिलेला इंग्रजी परिच्छेद ती न अडखळता वाचते का? वाचत असेल तर पुढच्या लेव्हलची गरज नाही. ते पैसे एका चांगल्या शब्दकोशात घाला, ज्यात शब्दाचं मूळ दिलेलं असतं. मोबाइलवरही असे कोश फुकट बघता येतात. वाचतानाच अडखळत असेल तर क्लास चालू राहू द्या, आणि मराठी वाचनही तपासा. दोन्ही भाषांत वाचताना-लिहिताना सारखाच त्रास होत असेल, अक्षरं उलटसुलट होत असतील, वाचलेली ओळ हातून निसटत असेल, तर तो आळस समजू नका. तज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि परीक्षेत सवलतीही मिळतात. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही, पण हे वाचणाऱ्या एखाद्या घरात ते असू शकतं.

घरी करायचं काय? जाड वही घ्या, तिला शब्दकुळीची वही म्हणा. शुक्रवारी रात्री वीस शब्द घोकण्याऐवजी सोमवारी यादी आली की तिघांनी पंधरा मिनिटं बसा. प्रत्येक शब्दाला आधी अर्थ विचारा. अर्थ माहीत नसलेला शब्द पाठ करवून घेऊ नका. मग विचारा, याचे तुकडे पडतात का? मग, याचे नातलग कोण? उच्चाराचा विचार सगळ्यात शेवटी. वीसपैकी बाराएक शब्द असे सुटतील. उरलेले खुशाल पाठ करू द्या, त्यात कमीपणा काही नाही. ‘डॉग’ हा शब्द आला कुठून, हे मोठमोठ्या पंडितांनाही अजून नक्की सांगता आलेलं नाही. आणि पाठ करतानाही सलग माळ लावू नका. डी-आय-एस म्हणून क्षणभर थांबायचं, मग ए-डबल पी-ओ-आय-एन-टी. ही विश्रांती फार कामाची असते.

लहान भावंडं असतील, दुसरी-तिसरीतली, तर त्यांना लॅटिन-ग्रीक नको. त्यांना एस, ई-डी, आय-एन-जी जोडण्याचा आणि काढण्याचा खेळ द्या. ‘प्ले’ शब्दाची मुलं किती? प्लेज, प्लेड, प्लेइंग, प्लेअर, रिप्ले, प्लेग्राउंड. तेवढं पुरे.

एक सावधगिरी मात्र हवीच. नातं लावायचा नाद लागला की मुलं (आणि आपणही) खोटी नाती लावू लागतात. ‘कार्पेट’मध्ये कार आणि पेट दिसतात, पण गालिच्याचा गाडीशीही संबंध नाही आणि पाळीव प्राण्याशीही नाही. ‘हॅम्बर्गर’मध्ये हॅम नाही, जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराच्या नावाला ई-आर जोडून तो झाला आहे. म्हणून नियम ठेवा: तुकडा दिसला पाहिजे, आणि त्याचा अर्थही शब्दाच्या अर्थात बसला पाहिजे. दोन्ही जुळल्याशिवाय आणि कोशात बघितल्याविना वहीत लिहायचं नाही. तुम्हाला उत्तर माहीत नसेल तेव्हा ‘पाठ कर’ न म्हणता ‘चल, बघू’ म्हणा. आईलाही शोधावं लागतं हे तिने पाहिलं तर काही बिघडत नाही. अमेरिकेत १९२५ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेत, जिथे गेली कित्येक वर्षं भारतीय वंशाची मुलं चमकत आहेत, मंचावर उभ्या मुलाला अधिकृतपणे विचारता येतं, की हा शब्द कोणत्या भाषेतून आला? तुमची लेक जो प्रश्न स्वयंपाकघरात विचारते, तोच तिथे मुलं विचारतात.

येत्या आठवड्यासाठी तिला माझ्याकडून एक शब्द द्या: ‘मंगूस’. एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई. शेवटचा भाग बदकाच्या भाऊबंदासारखा, ‘गूस’सारखा दिसतो. ‘गूस’चं अनेकवचन ‘गीस’ होतं. मग ‘मंगूस’चं ‘मंगीस’ का होत नाही, नुसतं ‘मंगूसेस’ का होतं? तिला सांगा, याचं उत्तर शोधायला लॅटिन नको, ग्रीक नको. परसात पळणाऱ्या त्या प्राण्याला तुम्ही घरी काय म्हणता, ते फक्त आठवायचं.